बाळाचं दचकणं की झटके? इन्फंटाइल स्पॅझम्स ओळखणं आणि उपचार

अनुजा_म

एक-दीड वर्षाच्या आतल्या बाळांना येणाऱ्या एका विशिष्ट प्रकारच्या झटक्यांबद्दल हा धागा काढते आहे. डॉक्टर त्यांना इन्फंटाइल स्पॅझम्स किंवा एपिलेप्टिक स्पॅझम्स म्हणतात. जुन्या पुस्तकांत वेस्ट सिंड्रोम हे नाव सापडेल. साधारण दोन-अडीच हजार बाळांमागे एकाला हा आजार होतो. म्हणजे दुर्मीळ आहे, पण आपल्या ओळखीत कधी दिसणारच नाही इतकाही नाही. माझ्या मुलीला तो सहाव्या महिन्यात सुरू झाला. आता ती शाळेत जाते. इथल्या पालकत्वाच्या धाग्यांवर 'बाळ झोपून उठलं की सारखं दचकतं' असे प्रश्न अधूनमधून येतात आणि खाली 'गॅस असेल, होईल कमी' अशी उत्तरं पडतात. ती वाचून राहवलं नाही.

आधी हे दिसतं कसं ते सांगते. फिट म्हटल्यावर आपल्याला आठवतं ते अंग ताठ होणं, हातपाय झडणं, तोंडाला फेस येणं. इथे तसलं काही नसतं. बाळ अचानक आवळल्यासारखं होतं. मान पुढे जाते, दोन्ही हात फेकले जातात, गुडघे पोटाकडे येतात. एखाद-दोन सेकंद ते तसंच धरून राहतं आणि सैल पडतं. पाच-दहा सेकंद जातात आणि परत तेच. मग परत. अशी माळ काही मिनिटं चालते. एकेक झटका बघितला तर त्यात घाबरण्यासारखं काहीच वाटत नाही, इतका तो छोटा असतो. पण एकाच ठेक्यात पुन्हा पुन्हा येणं, हीच त्याची ओळख. काही बाळांत उलटं होतं, अंग मागे ताणलं जातं. काहींत तर नुसती मान डुलते, खांदे किंचित उचलले जातात किंवा डोळे वर जातात, बस्स.

बहुतेक वेळा हे झोपेतून उठल्या उठल्या होतं, कधी झोप लागताना. दोन झटक्यांच्या मध्ये किंवा माळ संपल्यावर बाळ रडतं, त्यामुळे पोट दुखतंय असंच वाटतं. आमच्याकडे तपासणाऱ्या पहिल्या डॉक्टरांनीही पोटाचं औषध दिलं होतं. त्यांच्यासमोर एकही झटका आला नाही, आणि आमच्या सांगण्यावरून त्यांच्या डोळ्यांसमोर पोट आवळून रडणारं बाळच उभं राहिलं असणार.

दुसरी खूण झटक्यांइतकीच महत्त्वाची, आणि ती आईवडिलांनाच आधी कळते. बाळ आपल्यात राहत नाही. चेहऱ्याकडे बघून हसणारं बाळ आरपार बघायला लागतं. हाक मारली तर वळत नाही, खेळण्याकडे हात नेत नाही, जमायला लागलेलं पालथं पडणं विसरतं. काहींना वाटतं कान बिघडले, काहींना वाटतं डोळे. प्रत्येक बाळात ही खूण पहिल्या दिवसापासून दिसेलच असं नाही, आणि तिची वाट बघत थांबायचंही नाही.

शंका आली तर दोन गोष्टी करा. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवा. पुढच्या लसीच्या तारखेपर्यंत थांबायचं नाही. 'इन्फंटाइल स्पॅझम्स तर नाहीत ना?' असं नाव घेऊन विचारा. नाव घेतल्यानं डॉक्टरांचा अपमान होत नाही.

एवढी घाई का? या झटक्यांच्या मागे मेंदूत सतत जी उलथापालथ चाललेली असते, ती जागेपणी-झोपेत, झटका नसतानाही चालूच असते आणि बाळाचं शिकणं थांबवते. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात बाळांना चार वर्षांची होईपर्यंत बघितलं गेलं. पहिल्या झटक्यापासून उपचार सुरू होईपर्यंत किती वेळ गेला, यावरून त्यांचे गट केले होते: एक आठवड्यापर्यंत, दोन आठवड्यांपर्यंत, एक महिना, दोन महिने आणि त्याहून जास्त. प्रत्येक पुढच्या गटात विकासाचे गुण सरासरी जवळपास ४ अंकांनी खाली होते. म्हणून हे आठवड्यांचं नाही, दिवसांचं काम आहे.

अनुभव असलेल्यांनी लिहा. डॉक्टर मंडळींनी चुकलं तिथे दुरुस्त करा.


किशोर_दे

अनुजाताई, फार उपयोगी धागा. एक प्रश्न. तान्ही बाळं दचकतातच की. माझा भाचा दार आपटलं तरी दोन्ही हात पसरून रडायचा. मग फरक कसा ओळखायचा?


रेवा_ईईजी

किशोरदादा, मी ईईजी (डोक्यावर वायर लावून मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख काढायची तपासणी) विभागात तंत्रज्ञ आहे. निदान करणं माझं काम नाही, पण बघून बघून जे लक्षात आलंय ते सांगते.

दचकायला कारण लागतं. आवाज झाला, मानेचा आधार सुटला, पटकन खाली ठेवलं की बाळ हात पसरतं आणि मग जवळ घेतं. एकदाच. शिवाय ही नवजात बाळाची प्रतिक्रिया चार-सहा महिन्यांत विरून जाते. स्पॅझम नेमके त्याच वयात सुरू होतात. म्हणजे दचकणं कमी व्हायच्या वयात ते वाढत असेल, कारणाशिवाय होत असेल आणि माळेनं येत असेल तर थांबू नका.

झोपेत हातपाय उडणं हा आणखी एक प्रकार. तो निरुपद्रवी असतो, फक्त झोपेत असतो आणि बाळाला जागं केलं की लगेच थांबतो. स्पॅझमचं बरोबर उलट आहे, ते जाग आल्यावर सुरू होतात. दूध वर येणाऱ्या काही बाळांत अंग मागे कमानीसारखं वळतं, मान वाकडी होते. ते दूध पिण्याच्या आसपास होतं आणि त्याला असा ठेका नसतो.

पण दादा, हे सगळं वाचून घरी निकाल लावू नका. जागेपणी माळेनं येणारे, अगदी स्पॅझमसारखेच दिसणारे आणि तरीही पूर्ण निरुपद्रवी असे झटकेही असतात. डोळ्यांनी ते वेगळे काढणं अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जातं. तिथे ईईजीच लागतो.

व्हिडिओबद्दल थोडं. लोक झटका दिसल्यावर मोबाइल शोधतात, तोवर माळ संपते. बाळ उठायच्या बेताला आलं की आधीच रेकॉर्डिंग सुरू करून मोबाइल टेकवून ठेवा. पांघरूण काढा. चेहरा, दोन्ही हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी दिसले पाहिजेत. उजेड असू द्या, आवाज चालू ठेवा. बाळाला उचलू नका, हात धरून ठेवू नका. एक झटका टिपून थांबू नका, दोन-तीन मिनिटं चालू द्या. दोन झटक्यांमधलं अंतर दिसलं की बघणाऱ्या डॉक्टरांचं अर्धं काम तिथेच होतं.


चांदणवेल

हे व्हिडिओचं फारच नेमकं सांगितलंत. आमच्या व्हिडिओत नुसतं बाळाचं तोंड आणि माझा आवाज होता.


मिहिरचा_बाबा

ईईजीबद्दल रेवाताईंनी आणखी लिहावं ही विनंती. आमच्या वेळी पहिला ईईजी जागेपणी वीस मिनिटांत उरकला आणि नॉर्मल म्हणून हातात दिला. दुसऱ्या ठिकाणी झोपेतला काढला तेव्हा निदान झालं. कोणाची तक्रार करायची नाहीये, पण लोकांना हे माहीत पाहिजे.


रेवा_ईईजी

बरोबर मुद्दा काढलात. या आजारात ईईजीवर जे चित्र दिसतं त्याला हिप्सॅरिदमिया म्हणतात. उंचच उंच, अस्ताव्यस्त लहरी, मध्येच टोकदार स्पाइक, कशाचा कशाला मेळ नाही. नेहमीच्या मापावर लहरी एकमेकींवर चढतात, म्हणून आम्हाला माप बदलून बघावं लागतं. हे चित्र गाढ होत जाणाऱ्या झोपेत सगळ्यात ठळक दिसतं. सुरुवातीच्या दिवसांत जागेपणी ते नसूही शकतं. म्हणून जागेपणी, झोपेत आणि उठल्यानंतर, असा तिन्हीचा ईईजी व्हायला हवा, आणि शक्यतो सोबत व्हिडिओ. झटका येतो त्या क्षणी लहरींमध्ये एक मोठी संथ उसळी दिसते आणि तिच्यामागून सगळ्या रेषा एकदम चपट्या होतात. हे पकडता आलं तर शंकेला जागाच राहत नाही.

येताना बाळाचे केस धुऊन, तेल न लावता या. वायर चिकटवायला डोक्यावर पेस्ट लावतो, तेल असलं तर त्या सुटतात. दुखत काहीच नाही. वाटेत बाळाला झोपू देऊ नका आणि दूध पाजायची वेळ आमच्या खोलीत येईल असं बघा. वायर लावताना बहुतेक बाळं रडतात. मग दूध पितात आणि तिथेच झोपतात. उठल्यावर लगेच 'झालं' म्हणून निघू नका. उठल्यानंतरची मिनिटंच महत्त्वाची असतात, तेव्हा टेक्निशियनला आवर्जून सांगा की झटके उठल्यावर येतात.

हिप्सॅरिदमिया नाही म्हणून आजारच नाही, असंही समजू नका. काही बाळांत स्पॅझम असतात आणि ईईजी वेगळ्या तऱ्हेनं बिघडलेला असतो.


बालरोग_वाचक

मी बालरोगतज्ज्ञ आहे, वर्षानुवर्षं इथे नुसता वाचतो. वर दुरुस्त करण्यासारखं काही नाही. उपचारांबद्दल लिहितो, कारण त्याबद्दल पालकांमध्येच नाही, आमच्यातही गैरसमज आहेत.

हा अपस्माराचा प्रकार असला तरी नेहमीची फिटची औषधं यात सहसा चालत नाहीत. लेव्हेटिरासेटाम, फेनोबार्बिटोन यांवर आठवडेच्या आठवडे जातात आणि झटके चालूच राहतात. कार्बामाझेपीननं तर ते वाढूही शकतात. ज्यांचा उपयोग होतो हे नीट सिद्ध झालंय अशी पहिल्या फळीची औषधं तीनच: एसीटीएच हे इंजेक्शन, तोंडावाटे मोठ्या डोसमध्ये प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड आणि व्हिगाबॅट्रिन. पहिली दोन हॉर्मोन गटातली.

२००४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटिश चाचणीत हॉर्मोन उपचार मिळालेल्या बाळांपैकी ७३ टक्के बाळांचे झटके दोन आठवड्यांत थांबले होते. व्हिगाबॅट्रिन मिळालेल्यांत हे प्रमाण ५४ टक्के होतं. ट्यूबरस स्क्लेरोसिस (मेंदू, त्वचा अशा अवयवांत गाठी होणारा जनुकीय आजार) असलेली बाळं त्या चाचणीत घेतली नव्हती, कारण त्यांच्यात व्हिगाबॅट्रिनच सरस ठरतं. पुढे २०१७ मध्ये हॉर्मोन आणि व्हिगाबॅट्रिन एकत्र देऊन बघितलं. १४ ते ४२ दिवसांच्या काळात झटके पूर्ण बंद राहण्याचं प्रमाण एकत्र उपचारांत ७२ टक्के, नुसत्या हॉर्मोनमध्ये ५७ टक्के. मात्र दीड वर्षाच्या वयात विकास तपासला तेव्हा दोन गटांत फरक आढळला नाही. त्यामुळे काही केंद्रं दोन्ही औषधं सुरुवातीपासून देतात, काही एकापासून सुरू करतात. दोन्हीला आधार आहे. 'अमक्या बाळाला दोन औषधं दिली, आमच्या बाळाला एकच का' म्हणून अस्वस्थ होऊ नका.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांना आवर्जून विचारा: 'दोन आठवड्यांनी काय बघणार?' झटके 'पुष्कळ कमी झाले' याला या आजारात यश म्हणत नाहीत. झटके पूर्ण बंद आणि झोपेच्या ईईजीतून हिप्सॅरिदमिया नाहीसा, या दोन्ही गोष्टी हव्यात. दिवसाला दहा माळांवरून दोनवर आलं तर घरच्यांना हायसं वाटतं आणि औषध तसंच चालू राहतं. नेमके तिथेच दिवस वाया जातात. चौदाव्या दिवसापर्यंत झटके पूर्ण बंद नसतील तर पुढच्या औषधाकडे वळायचं.

सोबत कारणाचा शोध चालू ठेवायचा, पण त्यासाठी उपचार अडवायचे नाहीत. जन्माच्या वेळी मेंदूला ऑक्सिजन कमी पडणं, पहिल्या दिवसांत रक्तातली साखर फार उतरणं, मेंदूज्वर, मेंदूच्या घडणीतला दोष, जनुकांतले बदल, काही चयापचयाचे आजार, अशी बरीच कारणं असतात. डाउन सिंड्रोमच्या बाळांतही हा आजार जास्त दिसतो. एमआरआय करायचाच. त्यात काही सापडलं नाही तर जनुकीय तपासण्या. ब ६ जीवनसत्त्वाशी निगडित एक दुर्मीळ कारण आहे, म्हणून काही डॉक्टर ते जीवनसत्त्व देऊन बघतात. पुष्कळ बाळांत शोधूनही कारण सापडत नाही. ज्यांचा विकास आधी अगदी व्यवस्थित होता आणि कारण सापडलं नाही, ती बाळं सहसा जास्त चांगली सावरतात.


स्वराची_मावशी

डॉक्टर, पण इतक्या लहान बाळाला स्टिरॉइड? माझ्या बहिणीच्या मुलीला परवाच सुचवलंय. घरात सगळेच घाबरलेत. सासूबाई म्हणतात, आधी दुसरं काहीतरी करून बघू, अगदीच नाही जमलं तर मग स्टिरॉइड. बहीण मधल्या मध्ये अडकली आहे.


अनुजा_म

स्वराच्या मावशी, तुमच्या बहिणीला हा धागा वाचायला द्या, आणि सासूबाईंनाही. त्यांची भीती खरी आहे, काळजीतूनच आलेली आहे. पण 'आधी दुसरं काहीतरी' करण्यात जे आठवडे जातील ते परत मिळणार नाहीत. वर डॉक्टरांनी लिहिलंच आहे.

आम्ही प्रेडनिसोलोन दिलं, ते दिवस कसे असतात ते सांगते म्हणजे धास्ती कमी होईल. डोस ऐकून धक्का बसतो, कारण सात-आठ किलोच्या बाळाला मोठ्या माणसाइतकं औषध असतं. पण हा डोस काही आठवड्यांपुरताच असतो, पुढे पायरीपायरीनं कमी करून बंद करतात. औषध कडू. गालाच्या आतल्या बाजूला सिरिंज लावून थोडं थोडं सोडायचं, समोरून घशात मारलं की ते उलटून येतं. चार-पाच दिवसांत बाळाचा स्वभाव बदलतो. किरकिर, रात्र रात्र जागरण, कशानं समाधान नाही. भूक इतकी वाढते की पाजून झालं तरी तोंड शोधत राहतं. गाल फुगतात, चेहरा गोल होतो. त्या महिन्यातले मुलीचे फोटो ओळखू येत नाहीत. हे सगळं औषध बंद झाल्यावर ओसरलं.

लक्ष ठेवायचं ते वेगळ्या गोष्टींवर. रक्तदाब ठरल्याप्रमाणे मोजून घ्यायचा, आमच्याकडे दर आठवड्याला मोजत होते. साखर तपासायची. पोटाला त्रास होऊ नये म्हणून सोबत औषध देतात. संसर्गाची भीती असते, तेव्हा या काळात पाहुण्यांची गर्दी नको. ताप आला तर घरी औषध देऊन बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना कळवा. कांजिण्या झालेल्या मुलाच्या संपर्कात बाळ आलं तर ते तर तातडीनं कळवायचं. आणि स्वतःच्या मनानं औषध कधीच एकदम बंद करायचं नाही. बाळाचं शरीर या काळात स्वतःचं स्टिरॉइड तयार करणं कमी करतं. औषध अचानक तोडलं तर जिवावर बेतू शकतं. औषधाची बाटली संपायच्या आत दुसरी घरात हवी. उलटीमुळे दोन डोस पोटात राहिले नाहीत तर फोन करा.

घरात वाद होत असतील तर एक करून बघा. पुढच्या भेटीला सासूबाईंना सोबत न्या आणि त्यांचे प्रश्न त्यांनाच डॉक्टरांना विचारू द्या. बहिणीनं निरोप्याचं काम करायचं नाही, तिच्या अंगावर आधीच पुष्कळ आहे.


स्वराची_मावशी

धन्यवाद ताई. आजच बोलते.


मिहिरचा_बाबा

आमच्या मिहिरला ट्यूबरस स्क्लेरोसिस आहे, म्हणून व्हिगाबॅट्रिनबद्दल लिहितो.

जन्मापासून त्याच्या पाठीवर आणि मांडीवर दोन-तीन फिकट पांढरे चट्टे होते, लांबट पानाच्या आकाराचे. आम्ही जन्मखूण समजत होतो. झटके सुरू झाल्यावर न्यूरोच्या डॉक्टरांनी खोलीत अंधार करून निळसर दिव्याखाली त्याची कातडी बघितली, तेव्हा आणखी चट्टे दिसले. ज्या बाळाला असे चट्टे आहेत आणि झटक्यांची शंका आहे, त्याच्या आईवडिलांनी डॉक्टरांना ते आपणहून दाखवावेत. एखादा पांढरा डाग तर पुष्कळ निरोगी मुलांनाही असतो, नुसत्या डागानं घाबरू नका.

व्हिगाबॅट्रिनची पुडी किंवा गोळी पाण्यात विरघळवून सिरिंजनं देतात. मिहिरला पहिल्या आठवड्यात झोप फार यायची. या औषधाची खरी काळजी डोळ्यांची. काही जणांत कडेचं दिसणं कायमचं कमी होतं, समोरचं दिसतं पण बाजूचं आकसतं. लहान बाळ सांगू शकत नाही, म्हणून डोळ्यांच्या तपासण्या ठरवून करत राहायच्या. डोस आणि काळ वाढेल तसा धोका वाढतो, त्यामुळे बऱ्याचदा सहा महिन्यांच्या आसपास औषध थांबवायचा विचार करतात. आमच्या बाबतीत जास्त काळ चालवावं लागलं. तो निर्णय डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून, दोन्ही बाजू समजावून घेतला. मिहिरच्या झटक्यांनी जे जाणार होतं ते औषधानं जाऊ शकणाऱ्या नजरेपेक्षा मोठं होतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.


पुस्तकपान

माहितीत थोडी भर. या आजाराचं पहिलं वर्णन १८४१ साली विल्यम वेस्ट नावाच्या इंग्लिश डॉक्टरांनी केलं, तेही स्वतःच्या तान्ह्या मुलाचं. त्यांनी लॅन्सेटला पत्र लिहिलं. बाळाची मान गुडघ्यांकडे जाते आणि लगेच सैल होते, एकामागून एक असं होत राहतं, हे त्यात आहे. जळवा, डोक्यावर थंड पट्ट्या, रेच, सगळं करून झालं आणि कशाचाच उपयोग नाही, कोणाला काही ठाऊक असेल तर सांगा, अशी त्यात विनंती आहे. ईईजीतल्या हिप्सॅरिदमियाला नाव मिळालं १९५२ मध्ये, आणि एसीटीएचनं झटके थांबतात हे छापून आलं १९५८ मध्ये. त्या पत्रानंतर ११७ वर्षांनी. २०२२ पासून या आजाराला अधिकृतपणे इन्फंटाइल एपिलेप्टिक स्पॅझम्स सिंड्रोम म्हणतात, इंटरनेटवर शोधताना हे नाव वापरलंत तर नवी माहिती मिळेल.


निशा_०७

मी इथे नवीन आहे. माझा मुलगा पाच महिन्यांचा. कालपासून जागा असताना मध्येच मान खांद्यांत ओढून घेतो, अंग थरथरतं, अगदी सेकंदभर. काल दोनदा झालं, आज सकाळी ओळीनं पाच-सहा वेळा. नंतर हसतो, खेळतो. आमच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली आहे. तोपर्यंत थांबू का?


बालरोग_वाचक

निशाताई, थांबू नका. दवाखान्यात फोन करून 'पाच महिन्यांच्या बाळाला ओळीनं झटके येत आहेत, व्हिडिओ आहे' एवढंच सांगा. बाळ हसतंय-खेळतंय ही चांगली खूण आहे, पण त्यावरून काही नक्की ठरत नाही. त्यांना लगेच बघता येत नसेल तर ईईजीची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात आजच जा. मी इथून निदान करू शकत नाही, आणि इथे कोणीच करू नये.


रेवा_ईईजी

व्हिडिओ काढलाय ना? नसेल तर आता काढा, मगाशी लिहिलंय तसा.


निशा_०७

काढलाय. निघतोय.


गोदातीर

हा धागा वाचताना एक बाजू राहून जाते आहे असं वाटलं, म्हणून लिहिते. आमच्या नातवाच्या बाबतीत सगळं वेळेत झालं. तिसऱ्या दिवशी ईईजी, त्याच्या दुसऱ्या दिवशी औषध. तरीही झटके थांबले नाहीत. आधी हॉर्मोन, मग व्हिगाबॅट्रिन, मग इतर औषधं. शेवटी कीटोजेनिक आहारानं (भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी पिष्टमय पदार्थ असलेल्या) झटके बरेच आटोक्यात आले. त्या आहाराचं माप ग्रॅममध्ये असतं. डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ दोघांच्या देखरेखीशिवाय तो करायचा नसतो, औषधाच्या सिरपमधली साखरसुद्धा मोजावी लागते. त्याच्या एमआरआयमध्ये एकाच बाजूला दोष असता तर शस्त्रक्रियेचा विचार झाला असता, असं सांगितलं होतं. त्याचा दोष दोन्हीकडे आहे.

तो चार वर्षांचा आहे. चालत नाही, बोलत नाही. आजोबांचा आवाज ओळखतो आणि मान वळवतो. लवकर निदान झालं तर सगळं ठीक होतं, असा समज करून घेऊ नका आणि ज्यांचं ठीक झालं नाही त्यांनी उशीर केला असेल, असंही समजू नका. माझी सून हे वाक्य लोकांकडून ऐकून ऐकून थकली आहे. पुष्कळसं मूळ कारणावर ठरतं.


अनुजा_म

काकू, लिहिलंत ते फार महत्त्वाचं. मूळ लेखातली ती आकडेवारी सरासरी आहे, ती एकेका बाळाला किंवा त्याच्या आईला लावायची नसते. उपचार लवकर झाले तर त्या बाळाला त्याच्या परीनं जितकं मिळू शकतं, तितकं मिळण्याची शक्यता वाढते. माझ्या मुलीलाही शिकायला वेळ लागतो. बोलणं उशिरा आलं, अजून स्पीच थेरपी चालू आहे.

यावरून आठवलं. झटके थांबेपर्यंत फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी पुढे ढकलायची गरज नसते. डॉक्टरांना विचारून सुरू करा. आणि झटके थांबल्यावर नजर आणि ऐकणं दोन्ही तपासून घ्या.


चांदणवेल

झटके थांबल्यावर परत येतात का? आमचे थांबून आता काही आठवडे झालेत. रोज बाळ उठताना श्वास रोखून बसते मी.


बालरोग_वाचक

येऊ शकतात. साधारण तिसऱ्या हिश्शाच्या आसपास बाळांत काही काळानं परत येतात, म्हणून उठतानाची ती नजर पहिले काही महिने सोडू नका. पण सतत तुम्हीच बसून राहू नका, घरातल्या दुसऱ्या कोणाला काय बघायचं ते शिकवा. परत आले तर तेच: व्हिडिओ, त्याच दिवशी फोन. कधी कधी पूर्वी लागू पडलेलं औषध पुन्हा देऊन उपयोग होतो. मोठं झाल्यावर काही मुलांना दुसऱ्या प्रकारच्या फिट सुरू होतात, त्या दिसायला वेगळ्या असतात. अचानक खाली कोसळणं, टक लावून बघणं, झोपेत ताठ होणं, यातलं काही दिसलं तर कळवा.


निशा_०७

सगळ्यांना कळवायचं राहिलं. त्याच दिवशी बघितलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी व्हिडिओसकट लांब ईईजी झाला, झोपेतला आणि उठल्यानंतरचाही. मशीन चालू असतानाच ते थरथरणं तीनदा झालं आणि त्या वेळीही आलेख पूर्ण नॉर्मल राहिला. डॉक्टर म्हणाले, हे निरुपद्रवी प्रकारातलं आहे, वाढत्या वयात आपोआप जातं, औषध नको. पण विकासावर लक्ष ठेवायचं आणि झटक्यांचं रूप बदललं तर परत यायचं. उगाच धावपळ केली असं घरात कोणी म्हणालं नाही. रेवाताई, केसांना तेल नव्हतं लावलं.


रेवा_ईईजी

फार बरं वाटलं वाचून. झटका चालू असताना ईईजी नॉर्मल असणं, याहून चांगलं उत्तर मशीन देऊ शकत नाही. तो व्हिडिओ मात्र पुसू नका. पुढे कधी वेगळं काही वाटलं तर तुलनेला लागेल.


स्वराची_मावशी

आमच्याकडे काल प्रेडनिसोलोन सुरू झालं. सासूबाई स्वतः डॉक्टरांशी बोलल्या, आता सिरिंज त्याच धरतात. एक विचारायचं होतं. बाळाची पुढची लस जवळ आली आहे, द्यायची का?


बालरोग_वाचक

मोठ्या डोसचं स्टिरॉइड चालू असताना आणि बंद झाल्यावरही काही काळ जिवंत विषाणूंच्या लसी देत नाहीत. तोंडावाटे देतात ती रोटाव्हायरसची, पुढे गोवर-गालगुंडाची, कांजिण्यांची, या त्यात येतात. बाकीच्या लसींचं वेळापत्रक उपचार करणारे डॉक्टर ठरवतील. परस्पर लस द्यायला नेऊ नका, आणि लस द्यायची नाही असं परस्पर ठरवूही नका. लसीच्या कार्डावर स्टिरॉइड सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा, बंद झाल्यावर तीही लिहा. घरातल्या बाकीच्या मुलांच्या राहिलेल्या लसींबद्दलही याच भेटीत विचारून घ्या. आणि दोन आठवड्यांनंतरच्या झोपेच्या ईईजीची तारीख मिळाली नसेल तर ती उद्याच मागून घ्या.


स्वराची_मावशी

ईईजीची तारीख नाही घेतली अजून. उद्या सकाळी फोन करते.